गुणी मुलीचं औषध

माझ्या पार्लरच्या खुर्चीत बसलं आणि मानेभोवती कापड आलं, की माणूस आपोआप डॉक्टर होतो. आमच्या चार वर्षांच्या पोरीला अपस्मार असल्याचं निदान झालं, तेव्हा हे मला कळलं. एकीच्या मते हे मोबाइलमुळे झालं, दुसरीच्या मते मी पोटुशी असताना उभ्याने काम केल्यामुळे. तिसरी केसांना रंग लावून बसली होती. ती म्हणाली, "इतक्या लहान पोरीला केमिकल देणार तू?" मी मुकाट्याने तिच्या डोक्याला आणखी केमिकल चोपडलं.

पोरीला घरात सगळे 'तोफ' म्हणतात. दुकानातल्या कोपऱ्यातल्या स्टुलावरून ती गिऱ्हाइकांची विचारपूस करायची. "काकू, तुमचे केस मधेच का संपले?" त्या काकू पुन्हा आल्या नाहीत.

औषध सुरू झालं आणि झटके थांबले. त्यासाठी मी त्या औषधाच्या पाया पडायला तयार होते. पण तोफही थांबली. स्टुलावर ठेवली की ठेवली तशी बसून राहायची. हाक मारल्यावर मान वळेपर्यंत माझी गिऱ्हाइकाची एक भुवई कोरून व्हायची. जगाला मात्र आनंद झाला. "किती गुणी झाली हो!" बालवाडीच्या बाईंनी तिला शिस्तीबद्दल चांदणी दिली. नणंद म्हणाली, "वहिनी, आमच्या दोन्ही कार्ट्यांसाठी पण लिहून आण ना हे." मी हसले. गिऱ्हाइकांसमोर हसायची सवय आहे मला.

मग एका सुट्टीला मी तिचे केस कापायला घेतले. एरवी हे तिघांचं काम. एकाने धरायचं, एकाने लाथा खायच्या आणि मी कापायचे. तरी कपाळावरचे केस वाकडेच व्हायचे, म्हणजे दुकानाची चालतीबोलती बदनामी. त्या दिवशी ती हललीच नाही. केस नाकावर पडले, ते तिने पुसलेसुद्धा नाहीत. पट्टीने आखल्यासारखी सरळ रेघ आली. इतकं सुबक काम माझ्या हातून कधी झालं नव्हतं. मी कात्री खाली ठेवली आणि भिंतीला टेकून रडले.

नवरा बस चालवतो. समोर हिरवा दिवा असला की त्याला बाकी काही दिसत नाही. "झटके थांबलेत ना? मग आता काय हेअरकटवरून औषध बदलायचं?" पण पहिला झटका त्याच्याच मांडीवर आला होता, पोरीचे ओठ निळे पडताना त्याने पाहिले होते. म्हणून मी त्याला फार टोमणे मारले नाहीत, दोनच मारले. मग त्याला घेऊन दवाखान्यात गेले.

"मनाने बंद तर केलं नाहीत ना?" डॉक्टरबाईंनी आधी विचारलं.

"नाही. मनात मात्र रोज करते."

"तेवढं चालेल. शांत मुलाबद्दल कोणी तक्रारच करत नाही, म्हणून आम्हाला उशिरा कळतं. दुसरं औषध आहे, हळूहळू बदलू. पण बदलताना झटका येऊ शकतो. दोघांनी विचार करून ठरवा."

ठरवा म्हणे! जणू पडद्याचा रंगच निवडायचा होता.

नवरा वाटेत एवढंच म्हणाला, "आला तर तुझी जबाबदारी." एरवी पोरीचं जे काही बिनसतं ते माझ्याच वाट्याला येतं, त्यात आणखी एक. मी बदलायचं ठरवलं.

आणि बदलताना झटका आलाच. भर दुकानात, नवरा तिला न्यायला आला असतानाच. मी कात्री टाकून धावले. त्याने तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली टॉवेल सरकवला, घड्याळ पाहिलं. अर्धे केस कापलेली बाई खुर्चीतून ओरडली, "तोंडात चमचा घाला!"

"तोंडात काही घालायचं नसतं," नवरा म्हणाला. "आणि तुम्ही तुमचंही बंद ठेवा."

झटका थांबला. पोर झोपली. तो तिच्याशेजारी फरशीवर, कापलेल्या केसांत बसून राहिला. 'सांगितलं होतं ना' हे ऐकायला मी उभी होते. त्याने सरळ डॉक्टरबाईंना फोन लावला. संपलं, आता जुनं औषध परत, मला वाटलं.

पोरीने डोळे उघडले. बापाकडे नीट निरखून पाहिलं.

"बाबा, रडताना तू घाणेरडा दिसतोस. फोनवर कोण आहे? मला दे." तिने फोन ओढलाच. "ए डॉक्टर, तुझं औषध कडू आहे. तू पिऊन बघ!"

त्याने फोन परत घेतला, बाहीला नाक पुसलं.

"ऐकलंत ना?" तो म्हणाला. "मग जुनं नको. या नव्याचाच डोस काय तो बघा."