झऱ्याच्या डोक्यावरचा पट्टा

वणव्याला वर्ष उलटलं, तरी झऱ्याचं पाणी राखेचंच येत होतं. घागरीच्या तळाशी काळा बुळबुळीत गाळ बसायचा. त्याच पाण्याने बाळाचं अंग पुसताना सिरीलाला रोज शिसारी यायची.

तेकियोला, म्हणजे गावाच्या बिनमजुरीच्या कामाला, घरटी एक माणूस द्यावाच लागतो. नवरा उत्तरेत, सीमेपलीकडे कामाला, म्हणून बाळाला पाठीशी बांधून तीच डोंगरावर आली. ओकचे फुटवे छाटायचे, त्या जागी पाइनची रोपं लावायची. तिच्या वाट्याला आला झऱ्याच्या डोक्यावरचाच पट्टा.

जळक्या खुंटांच्या बुडातून ओक कमरेएवढा फुटला होता आणि त्याखालची माती जागच्या जागी होती. शेजारचा पट्टा गेल्या वर्षीच साफ केलेला. तिथली माती झऱ्यात उतरली होती आणि उन्हात पाइनची रोपं वाळून गेली होती. तिचे थोरले दीर नाबोर, कामाचे मुकादम, तीच रोपं सरळ करून बुडाशी माती दाबत होते.

"भावजी, मेलीयेत ती."

"ओआहाका शहराहून वनखात्याचे साहेब येतील, फोटो लांबूनच काढतील."

"हिरवा रंग मारू का रे वरून, नाबोर?" कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

मढ्याला नटवून पंगतीला बसवावं तसं ते दिसत होतं. सिरीलाने आपल्या पट्ट्यातल्या फुटव्यांजवळ कोयता खाली टाकला.

"मी हे तोडणार नाही," ती म्हणाली.

"पाइन विकला जातो बाई. ओकचं काय, सरपण."

"विकाल तेव्हा विकाल. पाणी मला आज लागतं."

"मग तुझी हजेरी धरणार नाही. दंडाचं काम पडेल."

"पडू द्या. खड्डे खणीन, दगड वाहीन."

"सरक, मीच तोडतो." नाबोर कोयता घेऊन चढू लागले.

सिरीला फुटव्यांच्या मधोमध बसली आणि तिने बाळाला शालीच्या पदराखाली घेतलं. नाबोर थबकले. पाजत्या भावजयीच्या जवळ थोरल्या दिराने कसं जावं? मान फिरवून ते पाठमोरे उभे राहिले.

"झालं का गं?"

"भूक लागलीये त्याला, भावजी."

"किती पितो हा?"

"काकांवर गेलाय."

खाली हशा पिकला. नाबोर पुटपुटत उतरून गेले. बाळाचं पोट केव्हाच भरलं होतं, ओठाच्या कोपऱ्यातून दूध ओघळत होतं. काम सुटल्याची हाक यायला अजून अवकाश होता. सिरीलाने त्याला दुसऱ्या बाजूला घेतलं.