दुसरा फोन

दहा वाजता बटण दाबलं की शहरातल्या रुग्णवाहिका कुठे पाठवायच्या हे माणसांऐवजी संगणक ठरवणार होता. साहेबांनी नवा कोट चढवला होता, खाली पाहुणे खुर्च्या अडवून बसले होते. अशा वेळी त्या संगणकाची तपासणीवाली आपल्या सासूबाईंना घेऊन वरच्या खोलीत शिरली. ही कुठल्याही कामावर जाऊन बसते म्हणून कचेरीत तिला 'माशी' म्हणत.

"आता ह्या कशाला?" साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"शेवटची एक तपासणी, साहेब. तपासताना आम्ही सगळे शहाण्यासारखे फोन करतो. एकदा लावायचा, पत्ता सांगायचा, गप्प बसायचं. आईंना गप्प बसणं जमत नाही."

यात चेष्टा नव्हती. गेल्या वर्षी सासऱ्यांच्या छातीत कळ आली, तेव्हा सासूबाईंनी फोन करकरून नियंत्रण कक्षातल्या माणसाचं डोकं उठवलं होतं. तो वैतागला, पण गाडी आली. सासरे आत्ता घरी एकटे होते आणि त्यांच्या हृदयाचा काही भरवसा नव्हता.

सासूबाईंनी चाचणीच्या फोनवर पत्ता सांगितला. पडद्यावर एक खोटी गाडी निघाली आणि सरसर घराजवळ आली. दोनच गल्ल्या उरल्या असतील. सासूबाईंनी फोन ठेवला आणि लगेच उचलला.

"अहो, निघाली का गाडी?"

पडद्यावरची गाडी थबकली आणि मागे फिरली. त्याच नंबरवरून दुसरा फोन आला म्हणून संगणकाने पहिली मागणी पुसली होती, नवी रांगेच्या शेपटाला लावली होती. सासूबाईंनी तिसऱ्यांदा लावला. पुन्हा शेपटाला.

माशीने कपाळावर हात मारला. इतके महिने तपासलं आणि एकानेही दुसऱ्यांदा फोन केला नव्हता!

"साहेब, हे आज सुरू करू नका."

"वेड लागलंय का तुला? पाहुणे आलेत. लोकांना सांगू, एकदाच फोन करा म्हणून. उठसूट फोन कोण करतं? दुरुस्ती करू सावकाश."

"तोवर कुणाचा तरी जीव जाईल!"

तेवढ्यात शिपाई धावत आला. बटणाची जोडणी करणारा अभियंता कुठे दिसत नव्हता. साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी त्याला फोन लावला. उचलला नाही. परत लावला. कोटाच्या बाहीने घाम पुसला, परत लावला. "अरे उचल की, गाढवा!" म्हणत पुन्हा.

"कितव्यांदा हो, साहेब?" सासूबाईंनी अगदी आपुलकीने विचारलं.

साहेबांचा हात जागीच थांबला. त्यांनी पडद्याकडे पाहिलं. गाडी अजून दूर उभीच होती.

हातातला फोन वाजला. "साहेब, खालीच आहे. जोडणी करत होतो. दाबू का बटण?"

"हात लावू नकोस," साहेब म्हणाले. "जुनंच चालू दे. पाहुण्यांना मी सांगतो."

माशीने चाचणीचा पडदा बंद केला. सासूबाईंना मात्र आता घरची काळजी लागली होती. त्यांनी सासऱ्यांना फोन लावला. उचलला गेला नाही. त्यांनी ठेवला आणि लगेच परत लावला.

"काय गं सारखं सारखं? अंघोळ करत होतो!" सासरे पलीकडून ओरडले.

इतकं गोड ओरडणं माशीने कधी ऐकलं नव्हतं. तिला रडू फुटलं.