मागेल तो हरला

मेलाना हे नगर म्हणजे चारशे घरं आणि त्यांच्याभोवती दगडी तट. ओढ्यापलीकडचं ओर्थी थोडं मोठं, पण मिजास मात्र दसपट. दोघांच्या मध्ये डोंगरउतारावर एक कुरण होतं, आणि त्यात मेलानाला पाणी पुरवणारा झरा. ते नेमकं कुणाचं, हे दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनाही छातीवर हात ठेवून सांगता येत नसे. तरी दर पंधरा-वीस वर्षांनी त्या गवतापायी माणसं मरत.

या खेपेला लढाई सकाळी जुंपली आणि ऊन डोक्यावर यायच्या आत संपली. नेहमीसारखंच झालं. मेलानाची उजवी फळी ओर्थीकरांना रेटत पार ओढ्यापर्यंत घेऊन गेली. तेवढ्या वेळात ओर्थीच्या उजव्या फळीनं मेलानाची डावी फळी मोडून काढली. दोघंही अर्धे जिंकले, अर्धे हरले. मग दोघांनी आपापल्या बाजूला खांब रोवून त्यावर शत्रूचं चिलखत आणि शिरस्त्राण टांगलं, म्हणजे विजयाची खूण उभी केली. ओर्थीच्या खांबाच्या मागे, रानटी नासपतीच्या झाडाखाली, मेलानाचे अकरा जण मरून पडले होते. त्यांत एक लाम्पोन होता. वय एकोणीस.

लाम्पोनचा बाप एवाग्रोस हा मेलानाचा दूत. त्याच्या हातात दूताची काठी असली की त्याला कुणी शिवायचं नाही, भाल्यांच्या रानातूनही त्यानं सरळ चालत जावं, असा देवांचा नियम. नगरात हा मान त्या एकट्यालाच. पलीकडे जाऊन मुलाला घेऊन येऊ शकेल असा माणूस कोण, तर तोच. पण नगरानं पाठवल्याशिवाय त्याला पाऊल उचलता येत नव्हतं.

आणि नगर पाठवत नव्हतं. कारण रणात पडलेली माणसं परत हवी असतील तर दूत पाठवून मागावी लागतात. मागितली की शत्रू नाही म्हणत नाही. पण ज्यानं मागितली त्यानं हार कबूल केली, असाच त्याचा अर्थ. मग कुरण गेलं, झरा गेला. ओर्थीचेही नऊ जण मेलानाच्या बाजूला पडले होते. म्हणून दोन्ही नगरं वाट बघत बसली. आधी ते मागतील. नाही, आधी ते.

दोन दिवस गेले. ऊन असं की दगडावर हात ठेवता येत नव्हता.

तिसऱ्या सकाळी एवाग्रोस सेनापतीच्या तंबूत गेला. सेनापती थ्रासिलास वयानं त्याच्याहून लहान. लहानपणी लाम्पोनला त्यानं खांद्यावर खेळवलं होतं.

"मला पाठव," एवाग्रोस म्हणाला.

"काका, बसा आधी."

"बसायला आलो नाही मी. तिकडे गिधाडं उतरायला लागलीत."

"मला दिसत नाही का? माझा मेहुणा पडलाय तिथे." थ्रासिलासनं डोळे चोळले. "पण मी तुम्हाला पाठवलं, तर उद्या गाव मला विचारणार, अकरा मढ्यांसाठी चारशे घरांचं पाणी देऊन टाकलंस? काय सांगू?"

"सांग, बापाला मुलगा पाहिजे होता."

"अहो, पण ते ओर्थीवाले पण थकलेत. आज नाही तर उद्या मागतील बघा. एक दिवस दम धरा, काका."

"परवाही हेच बोललास."

थ्रासिलासनं मान खाली घातली. आदल्या दिवशी एक शेतकरी, त्याचाही मुलगा तिथेच होता, काठीबिठी न घेता गुपचूप उताराला लागला होता. ओर्थीच्या गोफणवाल्यांनी त्याचा गुडघा फोडून त्याला परत पाठवलं. तेव्हापासून चोरून जायचं कुणी नाव काढत नव्हतं.

बाहेर तटाच्या सावलीत बायका बसल्या होत्या. एवाग्रोसची बायको क्लेइनो त्यांच्यात होती. तिच्या मांडीवर धुतलेलं पांढरं कापड आणि तेलाची कुपी. तीन दिवस तिनं ती खाली ठेवली नव्हती.

"काय म्हणाला?"

"उद्या."

"तुमचा आवाज दोन डोंगर ओलांडतो म्हणतात ना? मग इथूनच ओरडा की, माझा पोरगा द्या म्हणून."

"मी ओरडलो की ते माझं बोलणं राहत नाही, क्लेइनो. ते नगराचं होतं."

"नगराचं," ती म्हणाली आणि कापडाची घडी उगाच उलगडून पुन्हा घातली.

चौथ्या दिवशी सकाळी थ्रासिलासनं स्वतःच बोलावणं पाठवलं. वास आता तंबूंपर्यंत येत होता, आणि सैनिकांचा धीर सुटत चालला होता. "जा काका. मागा. होईल ते होईल," तो म्हणाला.

एवाग्रोसनं काठी उचलली आणि तो जवळजवळ धावतच उतरला. ओढा शंभर पावलांवर आला, आणि समोरून काठी घेऊन ओर्थीचा दूत निकान्डर येताना दिसला.

मागून हाक आली. "काका, थांबा! तोंड उघडू नका! तेच मागायला येताहेत, त्यांना आधी बोलू द्या!"

त्याच क्षणी निकान्डरच्या मागूनही कुणी ओरडलं. शब्द कळले नाहीत, पण कळण्याची गरजही नव्हती. निकान्डर जागीच थांबला.

दोघं ओढ्याच्या दोन काठांवर उभे राहिले. वीस वर्षांची ओळख. एकमेकांच्या घरी जेवलेले, एकमेकांच्या घरी झोपलेले. लाम्पोनचं नाव ठेवलं त्या दिवशी निकान्डर मधाचा घडा घेऊन आला होता.

"कसा आहेस?" निकान्डर हलक्या आवाजात म्हणाला.

"बघतोयस ना."

"मला ठाऊक नव्हतं रे, तो त्यांच्यात आहे. काल ओळखला मी."

"झाकलंस का त्याला?"

"पहारा आहे. जवळ जाऊ देत नाहीत."

"मग एवढंच बोल, निका. एक वाक्य. तुमचे नऊ मी आत्ता परत करवतो."

"तूच बोल ना. तुझा मुलगा आहे. मला परत जाऊन जगायचंय त्या गावात."

"आणि मला?"

एवाग्रोसच्या जिभेवर ते वाक्य तयार होतं. आयुष्यात त्यानं ते तीन वेळा म्हटलं होतं, दुसऱ्यांच्या मुलांसाठी. पण आता मागून आज्ञा आली होती. आज्ञेबाहेर बोललेला दूत म्हणजे काठी घेतलेला कुणीतरी म्हातारा. ओर्थीवाले हसले असते आणि मुलगा तिथेच राहिला असता. त्यानं वळून आपल्या बाजूला पाहिलं. थ्रासिलास दोन्ही हात हलवत होता, थांबा, थांबा. त्याच्या मागे तटाजवळ एक बाई उभी राहिली होती. एवढ्या लांबूनही पांढरं कापड दिसत होतं.

सूर्य कलेपर्यंत दोघे तसेच उभे होते. मग दोघांनाही परत बोलावलं गेलं.

पाचव्या दिवशी डोंगरापलीकडच्या एका नगरातून तीन वृद्ध आले. त्यांनी तोडगा काढला. कुणीच मागायचं नाही, दोघांनीही एकाच वेळी द्यायचं. हे पहिल्याच दिवशी कुणाच्या डोक्यात का आलं नाही, असं त्यांतल्या एकानं विचारलं.

गाड्या आल्या. अकरापैकी सहा जण ओळखू आले. उरलेले पाच एका रांगेत ठेवले. क्लेइनो त्या पाचही जणांजवळ बसली, उठली, पुन्हा बसली. शेवटी दुसऱ्याच्या पायाशी थांबली. "हाच," ती म्हणाली. ते खरं होतं की नाही, हे एवाग्रोसला कधीच कळलं नाही. त्यानं विचारलंही नाही.

संध्याकाळी थ्रासिलास दारात आला. आत यायला धजावला नाही.

"काका, आत्ता हे सांगायला जीभ रेटत नाही. पण रिवाज आहे. चौकात पुकारा करावा लागेल."

"कसला?"

"आपण मागितलं नाही. म्हणजे आपण जिंकलो."

एवाग्रोस चौकातल्या दगडावर चढला. त्याचा आवाज कापला नाही. तीस वर्षांची सवय होती ती. मेलाना जिंकलं, कुरण आणि झरा मेलानाचा, देवांना बळी द्या, असं तो तीन वेळा ओरडला. ओर्थीच्या बाजूनं वारा येत होता. त्याच्याबरोबर निकान्डरचा आवाज आला. तोही तीन वेळा ओरडला.

एवाग्रोस घरी परतला तेव्हा क्लेइनो जमिनीवर बसून पाय धूत होती, घरी आणलेल्या त्या मुलाचे.

"कसला पुकारा होता?"

"जिंकलो म्हणे."

"बरं," ती मान वर न करता म्हणाली. "घागर रिकामी झालीय. तेवढी भरून आणा."