नया बाजारात बंद, दर्पण कॉलनीत चालू

चार महिन्यांच्या विजेच्या गाडीनं सहाव्यांदा डोळे मिटले, तेव्हा आमच्या यांनी, मानसिंगरावांनी, शोरूमला फोन लावला. "शनिवारी येऊन गाडी परत घेऊन जा." मग माझ्याकडे वळून मायेनं म्हणाले, "आपली स्कूटरच बरी. मी सोडत जाईन तुला."

नेमकं तेच मला नको होतं. कुणी सोडायला नको, म्हणून तर पन्नाशीत गाडी शिकले. आठवड्यातून दोनदा शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, मुरारला, पोहायला जायचं, तर आधी यांची दाढी, मग पेपर, मग पेट्रोल. तोवर तलावाची बायकांची वेळ संपलेली.

गंमत अशी, की गाडीची मोठी बॅटरी काठोकाठ भरलेली असायची. कुलपं नि दिवे चालवणारी छोटी बॅटरी तेवढी रिकामी. शोरूमचा बळवंत दोनदा ती बदलून गेला. "काकू, मशीनमध्ये तर सब ठीक आहे," म्हणायचा आणि असा बघायचा, की जणू बिघाड माझ्यातच.

मग मी कॅलेंडरवर खुणा केल्या. दोन दिवस उभी राहिली की गाडी बंद. पण दिवाळीत लेकीकडे, हर्षिताच्या दर्पण कॉलनीत, आठ दिवस उभी होती, तेव्हा एकदाही नाही. म्हणजे तिला आमच्या नया बाजारच्या घरातच काहीतरी होत होतं. बुधवारी मी पोर्चमध्ये स्टूल टाकून बसले.

"आता काय दृष्ट काढणार तिची?" हे आतून.

"बघतेय नुसतं."

बघता बघता दाराला हात लावला, तर ते उघडलं! मी चमकले. किल्ली जवळ असल्याशिवाय ही उघडत नाही, आणि किल्ली तर वर माझ्या पर्समध्ये. मग हिनं ओळखलं कुणाला?

पोर्चच्या भिंतीपलीकडे आमचं देवघर. आत गेले. खंडोबाच्या टाकापुढं, हळदीनं माखलेली, दुसरी किल्ली! दसऱ्याला गाडी आली तेव्हापासून तिथंच. आमच्या घरची रीत, मोहिमेवरून आलं की तलवार देवापुढं ठेवायची. तलवारी राहिल्या नाहीत, म्हणून सासूबाईंनी किल्ली ठेवली.

बळवंतला फोन केला. "अरे काकू! किल्ली एवढी जवळ, तर गाडीला वाटतं मालक आलेच. सारखी जागी राहते बिचारी. छोटी बॅटरी उतरणारच."

सासूबाईंना, चौऱ्याऐंशीच्या मंदाताईंना, हे सांगताना माझी जीभ अडखळली.

"म्हणजे माझ्या देवामुळे?"

"देवामुळे नाही हो आई. किल्ली जवळ असली की ती हुकमाची वाट बघत बसते. दिवसरात्र."

"चार महिने?"

"हो."

"अगं, पहारेकरीसुद्धा पाळी बदलून झोपतो." त्यांनी किल्ली उचलली, कपाळाला लावली, माझ्या हातात दिली. "हर्षिताकडे नेऊन ठेव. देव तिच्याही घरी आहेत." त्याच संध्याकाळी मी रिक्षानं जाऊन ती ठेवून आले.

शनिवारी शोरूमचा माणूस आला, तेव्हा गाडी तीन दिवस हललेली नव्हती. मानसिंगराव परतीचे कागद घेऊन उभे. मी बटण दाबलं. सगळे दिवे लागले.

"एकदा लागले म्हणून काय झालं," हे म्हणाले. "महिनाभर बघू." पण कागद मात्र मागे धरले.

"बघा की," म्हणून मी गाडी काढली. शेजारी आई बसल्या होत्या, पट्टा दोन्ही हातांनी घट्ट धरून. सून पाण्यात नक्की काय करते, ते त्यांना एकदा बघायचं होतं.