अकरा नंबरची काच

घरचं वेल्डिंगचं दुकान असून बाबांनी मला टेक्निकल कॉलेजात घातलं. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय!

"तुम्हाला येतं तेच शिकायला दोन वर्षं घालवू?" मी विचारलं.

"मला काय येतं ते मला ठाऊक आहे. तू जा."

तेही माझ्याकडे न बघता. हल्ली ते असेच बोलायचे, तोंड एका बाजूला वळवून. बारावीला मी आपटले त्याचा राग अजून गेला नाही, असं मी धरून चालले होते. मीही त्यांचीच मुलगी. मीही त्यांच्याकडे बघणं सोडून दिलं.

पहिला आठवडा संपला तेव्हा जेवताना मी खवचटपणे म्हणाले, "आठ दिवसांत ठिणगी बघितली नाही. सर नुसती काच लावायला शिकवतायत."

बाबांचा घास थांबला. "कुठली काच?"

"तोंडापुढे धरायच्या ढालीतली. अकरा नंबरची. बाजारातला काळा चष्मा चालत नाही म्हणे. त्याने उजेड कमी वाटतो, पण डोळ्याचा पडदा मधोमध भाजत जातो. मग कडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही."

मी पोपटासारखी बोलत होते आणि बाबांचा काळा चष्मा समोरच खिळ्याला लटकत होता. वेल्डिंगचे छोटे टाके मारताना तर ते तोही कपाळावर सरकवायचे.

"हे पहिल्याच आठवड्यात सांगतात?" बाबांनी विचारलं.

"पहिल्याच दिवशी."

"बरं आहे," ते म्हणाले आणि पाण्याचा पेला चाचपायला लागले. पेला त्यांच्या ताटासमोरच होता.

आईने तो उचलून त्यांच्या हातात दिला. मग मला स्वयंपाकघरात नेऊन म्हणाली, "डॉक्टरांनी सांगितलंय, गेलं ते आता परत यायचं नाही. आणि तू म्हणतेस बाबा बघत नाहीत. अगं, तू दिसावीस म्हणूनच तोंड वळवतात ते."

मी ओट्याला धरून रडले. स्वतःची लाज वाटलीच, पण त्याहून चीड आली. पंचवीस वर्षं या माणसाने लोकांची गेटं, जिने, खिडक्या जोडल्या. हातात आमच्या सरांपेक्षा जास्त कसब. पण ते एक वाक्य त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

दोन वर्षांनी पास झाले, त्या दिवशी परीक्षेतल्यासारखीच एक लोखंडी पट्टी जोडून घरी आणली. बाबांनी जोडावरून अंगठा फिरवला.

"शेवटी घाई केलीस."

"हो."

"बाकी माझ्याहून सरळ आहे."

मी कॉलेजच्या निळ्या डगल्यात, ढाल काखेत धरून त्यांच्यासमोर उभी राहिले. "बाबा, बघा ना माझ्याकडे."

बाबांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

"बघतोय गं," ते म्हणाले. "हलू नकोस."