सहा बरण्यांचे आकडे

कोळशाच्या प्रयोगशाळेत त्यांना सगळे काटेकोरकाका म्हणत. एकतीस वर्षं ते एकच काम करत आले होते. खाणीतून आलेला कोळसा दळायचा, दमट बरणीत पाच दिवस ओल धरू द्यायचा, मग पोलादी नळकांड्यात भरून त्यात मिथेन सोडायचा आणि कोळसा किती वायू पोटात घेतो ते मोजायचं. त्या आकड्यावरून खाणीत वारा किती खेळवायचा ते ठरे.

दोन वर्षांपूर्वी नव्या मॅडम आल्या, काकांच्या मुलीच्या वयाच्या. कोळशातली ओल, राख आणि तो किती खोलातून आला एवढ्यावरून वायूचा अंदाज सांगणारं सूत्र त्या तयार करत होत्या, म्हणजे प्रत्येक नमुन्यासाठी पंधरा दिवस थांबायला नको. जुन्या दीडशे नमुन्यांना सूत्र चपखल बसलं. सहा मात्र काही केल्या बसेनात. मोजलेला वायू अंदाजापेक्षा बराच जास्त. महिनाभर मॅडमनी त्यावर डोकं फोडलं, जेवणाचा डबा तसाच घरी परत जाऊ लागला. शेवटी प्रयोगशाळेच्या साहेबांनी सूत्र गुंडाळून ठेवा म्हणून सुचवलं, तेव्हा त्या काकांच्या टेबलापाशी येऊन म्हणाल्या, "तुमचे आकडे चुकायचे नाहीत. माझंच कुठंतरी चुकतंय."

त्या सहा नमुन्यांचे नंबर काकांना तोंडपाठ होते. बायको इस्पितळात होती, त्या दिवसांतले. इकडून तिकडे धावताना त्यांनी बरण्या एका दिवसात उघडल्या होत्या आणि वहीत पाच दिवस लिहिले होते. कोरड्या कोळशात वायूला जागा जास्त, म्हणून आकडे फुगले होते.

संध्याकाळी त्यांनी बायकोला सगळं सांगून टाकलं. ती भाजी निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "तेव्हा माझ्यापायी चुकलं असेल. पण आता गप्प बसाल, ते माझ्या नावावर घालू नका."

सकाळी मॅडम यायच्या आधीच काका त्यांच्या खोलीबाहेर उभे होते. त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. मॅडमनी विचारलं, खाणीत काही झालं असतं तर?

"आकडे जास्त आले, म्हणून वारा जास्त सोडला गेला," काका म्हणाले. "उलटं झालं असतं तर... ते नशीब होतं, माझी हुशारी नव्हे."

साहेबांनी मेमो दिला. काकांनी तो मुकाट्याने घेतला आणि कपाटातून त्याच कोळशाचे हवाबंद ठेवलेले तुकडे काढून सहाही चाचण्या नव्याने लावल्या. या खेपेला पुरते पाच दिवस. कोळशाने किती ओल धरली ते कळावं म्हणून मॅडम रोज सकाळी बरण्यांची वजनं बघायला येत, पण पहिल्या आठवड्यात दोघांत कामापुरतंच बोलणं झालं.

पाच आकडे सूत्रात नीट बसले. सहावा बसला नाही. काकांनी धसका घेऊन तो परत मोजला. तोच आकडा आला. पुन्हा काय चुकलं म्हणून ते वही चाळायला लागले, तशी मॅडमनी वही मिटवली.

"हा आकडा बरोबर आहे, काका. या वेळी माझंच सूत्र चुकतंय," त्या म्हणाल्या आणि कितीतरी दिवसांनी मोकळं हसल्या. मग शेजारचं स्टूल ओढून त्यांनी विचारलं, "हा कोळसा कुठल्या थरातला, काही आठवतं?"

काकांना आठवत होतं. ते सांगू लागले.