चुकांचा रकाना

सामने ४११. चेंडू अडवायच्या संधी ९७. चुका ०. पगार तेवीस लाख डॉलर.

लायल प्रुइटचे हे आकडे त्याचा एजंट जिथे तिथे ऐकवायचा. त्यातलं शून्य आलं की मी दुसरीकडे बघायचो. मी त्याच्याच बेसबॉल संघाचा बुलपेन कॅचर. मैदानात उतरत नाही, कुंपणामागच्या बुलपेनमध्ये लायलसारख्या बदली पिचरांचे चेंडू झेलून त्यांचे हात गरम करून देतो. त्यामुळे ते शून्य कसं टिकलं हे मला ठाऊक होतं.

लायलला पहिल्या बेसकडे चेंडू फेकता येत नसे. फलंदाजाला तो ताशी पंचाण्णव मैलांनी टाकायचा. पण घरंगळत आलेला चेंडू उचलून, धावत्या फलंदाजाला बाद करायला पहिल्या बेसकडे वळला की मनगट गोठायचं. मग एक तर स्वतःच बेसकडे धावायचा, नाही तर चेंडू धरून उभा राहायचा. न फेकलेल्या चेंडूची चूक कुणी लिहीत नाही. फलंदाजाच्या नावावर हिट लागते, म्हणजे ती त्याची कमाई.

सप्टेंबरचा शेवटचा रविवार, दुपार. लायलला पुढच्या वर्षी ठेवायचं की नाही, हे क्लब सोमवारी ठरवणार होता.

बुलपेनचा फोन वाजला: लायलला बोलावणं. लायल उठला.

"टॅरंट येणार समोर," मी म्हणालो.

"येऊ दे."

"गेल्या वर्षी त्याचं कपाट तुझ्या शेजारी होतं. त्याला सगळं माहितीय."

"मित्र आहे माझा."

"होता. आता पगार तिकडून घेतो."

त्याने सूर्यफुलाच्या बियांची टरफलं थुंकली. "तू हात गरम कर माझा. डोकं नको."

नववा डाव. ३–३. दोन बाद; तिसरा बाद झाला की डाव संपला. तिसऱ्या बेसवर त्यांचा धावपटू. समोर टॅरंट.

पहिला चेंडू: स्ट्राइक.

दुसऱ्याच्या आधी टॅरंटने लायलकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली घातली. मला कळलं. लायललाही कळलं असणार.

बॅट आडवी. चेंडू नुसता टेकवलेला. गवतावरून हळूहळू, थेट लायलकडे.

धरला तर: त्यांची धाव होईल, शून्य राहील.

फेकला तर:

मी कुंपणाची जाळी धरली. लायल वाकला. चेंडू हातात. टॅरंट निम्म्यावर. लायल वळला, आणि थांबला. मी हे याआधी किती वेळा पाहिलं होतं.

हात वर गेला.

फेक चार हात बाहेर. पहिल्या बेसवरच्या कॉर्डेलने बेस सोडून आडवी उडी मारली, चेंडू कसाबसा अडवला. टॅरंट बेसवर पोचला. तिकडे धाव झाली. फलकावर उमटलं: हिट.

आम्ही ४–३ हरलो.

कपड्यांच्या खोलीत कॉर्डेल गुडघ्याला बर्फ लावून बसला होता. "काय रे बाबा, माझ्याकडे फेकलास की पार्किंगमध्ये?"

"तुझ्याकडेच."

"मग पत्ता नीट लिहीत जा."

लायल हसला. हसतच भिंतीवरच्या फोनकडे गेला आणि वरच्या खोलीत, हिट की चूक ते ठरवणारे गुणलेखक फिंच यांना लावायला सांगितलं. मी शेजारी उभा होतो. म्हातारबुवांचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"मिस्टर फिंच, ती हिट नव्हती. माझी चूक होती."

"टॅरंट तसाही पोचला असता, पोरा."

"नसता पोचला. मी थांबलो. तरीही फेक सरळ असती, तर तो बाद होता."

"पिचर मला फोन करतात ते दुसऱ्याच्या नावावर चूक ढकलायला. स्वतःची मागणारा पहिलाच तू. उद्या क्लबचा निर्णय आहे ना तुझा?"

"हो."

"मग तोंड बंद ठेव की."

"अकरा वर्षं तेच केलं, सर. आज फेकलाय. लिहा."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग फिंच म्हणाले, "चित्रफीत पुन्हा बघतो."

तासाभराने आकडा बदलला.

सोमवारी क्लबने त्याला सोडलं. कारण दिलं नाही. एजंट माझ्यावरच ओरडला, तू अडवलं का नाहीस म्हणून.

फेब्रुवारीत, ॲरिझोनात, हंगामाआधीच्या सरावाला, मागच्या मैदानावर लायल दिसला. कराराची हमी नाही; नुसतं आमच्याच क्लबचं चाचणीला बोलावणं. पाठीवर ८७ नंबर. बाकीचे अजून नाश्त्याला होते. त्याने माझ्यासमोर चेंडूंची बादली ठेवली. मी सवयीने फलंदाजाच्या जागेमागे बसायला निघालो.

"तिथे नाही," तो म्हणाला. "पहिल्या बेसवर उभा राहा."

सामने ४१२. संधी ९८. चुका १. पगार: रकाना रिकामा.

पहिली फेक माझ्या डोक्यावरून गेली. त्याने बादलीतून दुसरा चेंडू उचलला.